कोलेस्टेरॉलचे मापन आणि 'अचूक' हा शब्द : एक चिकित्सा

१

रक्तातील कोलेस्टेरॉल मोजण्याच्या पद्धती कशा सुधारत गेल्या, हा विषय वस्तुतः जीवरसायनशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात लक्ष घालावे ह्याचे थोडे समर्थन आरंभीच करावयास हवे. प्रस्तुत लेखक प्रयोगशाळेत काम करणारा नाही, आणि रसायनज्ञांनी सिद्ध केलेल्या गोष्टींवर निर्णय देण्याचा अधिकार तो स्वतःकडे घेऊ इच्छीत नाही. तथापि शास्त्रीय निबंध हाही अखेर भाषेतच लिहिलेला असतो. त्यात योजिलेल्या शब्दांचे अर्थ कोठे स्थिर राहिले आणि कोठे सरकले, हे पाहणे आमच्या शास्त्राच्या कक्षेत येते. शिवाय हे अर्थ सरकल्याचा परिणाम ज्याला भोगावा लागतो तो रुग्ण बहुधा रसायनज्ञ नसतो. त्याच्या हाती येतो तो एक कागद व त्यावरील एक संख्या. त्या संख्येचा अर्थ तो आपल्या भाषेत लावतो.

ह्या विषयातील ज्या लेखनाने पुढील व्यवहार घडवला, त्यांपैकी चार लेख येथे विचारासाठी घेतले आहेत : एबेल, लेव्ही, ब्रोडी व केंडल ह्यांचा १९५२ चा निबंध, फ्रीडवाल्ड, लेव्ही व फ्रेड्रिकसन ह्यांचा १९७२ चा निबंध, अ‍ॅलेन व त्यांचे सहकारी ह्यांचा १९७४ चा निबंध, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाने नेमलेल्या प्रयोगशाळा-प्रमाणीकरण मंडळाचा १९८८ चा अहवाल. हे लेखन लागोपाठ वाचले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मापनातील सुधारणेचा फार मोठा भाग नव्या रसायनाने नव्हे, तर 'बरोबर' म्हणजे कशाच्या मानाने बरोबर, हे ठरवण्याने साधला. आणि जेथे शब्द सैल राहिले तेथे उत्तम यंत्रे असूनही चूक टिकून राहिली. हे विधान सप्रमाण मांडणे आणि त्यावरून मराठी शास्त्रीय लेखनाने काय घ्यावे हे सुचवणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम १९५२ च्या निबंधाकडे वळू. त्याच्या शीर्षकात दोन प्रतिज्ञा आहेत : पद्धत 'सुलभ' केली आहे, आणि तिच्या 'विशिष्टतेचा' पुरावा दिला आहे. ह्या दोन्ही शब्दांचे वजन कळण्यासाठी आधीची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

कोलेस्टेरॉल स्वतः रंगहीन आहे. ते मोजावयाचे तर त्याच्यापासून रंग निर्माण करून त्या रंगाची तीव्रता पाहावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात लीबरमान व बुर्खार्ट ह्यांच्या नावाने रूढ झालेली विक्रिया ह्या कामी येई. अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड व गंधकाम्ल ह्यांच्या संयोगाने कोलेस्टेरॉलला हिरवट रंग येतो. परंतु हा रंग आणणारा पदार्थ केवळ कोलेस्टेरॉलच असेल अशी खात्री देता येत नसे. पित्तरंजकाचा रंग त्यात मिसळे, तांबड्या पेशी फुटल्या असल्यास त्यांचा रंग मिसळे, आणि इतर स्टेरॉलेही कमीअधिक प्रमाणात विक्रिया देत. ह्याहून मोठी अडचण अशी की, सीरममधील, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर द्रवातील, कोलेस्टेरॉलपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग मेदाम्लांशी जोडलेल्या एस्टरच्या रूपात असतो. हे एस्टर आणि मुक्त कोलेस्टेरॉल सारख्याच वेगाने व सारख्याच तीव्रतेने रंग देत नाहीत. अंशशोधनासाठी शुद्ध मुक्त कोलेस्टेरॉल घ्यावयाचे आणि त्याच्या मापाने एस्टरांचे मिश्रण मोजावयाचे, ही पायलीच्या मापाने भात घेऊन त्याच हिशेबाने तांदूळ धरण्यासारखी गोष्ट होती.

डिजिटोनिन ह्या वनस्पतिजन्य द्रव्याने कोलेस्टेरॉल साक्यासारखे खाली बसवून शुद्ध करण्याची रीत विंडाउस ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दिली होती, व तिच्यावर आधारलेली शोनहायमर-स्पेरी पद्धत १९३४ पासून प्रतिष्ठित होती. ती विश्वसनीय असली तरी वेळखाऊ होती. १९५२ च्या लेखकांनी मधला मार्ग काढला. सीरममध्ये मद्यार्कातील पोटॅश घालून ते ऊन ठेवावयाचे, म्हणजे साबणीकरणाने सर्व एस्टर सुटून मुक्त कोलेस्टेरॉल होते. मग ते पेट्रोलियम ईथरमध्ये ओढून घ्यावयाचे, म्हणजे पित्तरंजक व प्रथिने मागे राहतात. ईथर उडवून लावावयाचे, आणि उरलेल्या अवशेषावर रंगाची विक्रिया ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ करून प्रकाशशोषण पाहावयाचे. 'सुलभ' ह्या शब्दाचा अर्थ येथे पायऱ्या गाळणे असा नाही. नेमकी कोणती पायरी गाळता येते आणि कोणती गाळता येत नाही ह्याचा विवेक, असा आहे. डिजिटोनिन गेले, पण साबणीकरण राहिले. पुढील काळात झटपट पद्धती काढणाऱ्या अनेकांनी साबणीकरण व निष्कर्षण ह्या दोन्ही पायऱ्या गाळल्या आणि थेट सीरमवरच गंधकाम्लाचा प्रयोग केला. त्यांच्या संख्या पुष्कळदा वाजवीपेक्षा जास्त येत. सुलभता आणि विशिष्टता हे दोन शब्द एकाच शीर्षकात शेजारी ठेवणाऱ्यांचे श्रेय अशा वेळी अधिक स्पष्ट होते.

३

तथापि एखादी पद्धत उत्तम असणे निराळे आणि ती 'प्रमाण' होणे निराळे. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. एखादी बोली प्रमाण ठरते ती अंगभूत श्रेष्ठतेमुळे नव्हे, तर व्यवहारातील महत्त्वाचे दस्तऐवज तिच्यात लिहिले गेल्यामुळे. एबेल-केंडल पद्धतीच्या बाबतीत काहीसे असेच घडले. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन हृद्रोग-पाहणीत कोलेस्टेरॉलची मापे ह्या पद्धतीने घेतली गेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अटलांटा येथील केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या मापांत मेळ घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा तिनेही ह्याच पद्धतीचे थोडे सुधारलेले रूप संदर्भ म्हणून स्वीकारले. कोलेस्टेरॉल इतके असता हृद्रोगाचा धोका इतका, हे ज्ञान अशा रीतीने एका विशिष्ट पद्धतीच्या 'बोलीत' नोंदले गेले.

ह्यानंतर त्या बोलीच्याही वर एक पायरी बांधली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९६७ मध्ये शुद्ध कोलेस्टेरॉल हा संदर्भ-पदार्थ म्हणून प्रसृत केला, आणि १९८० मध्ये तेथील संशोधकांनी समस्थानिकांच्या साहाय्याने मोजण्याची निर्णायक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व सोपे व सुंदर आहे. नमुन्यात आरंभीच तोलून घेतलेले जड कोलेस्टेरॉल, म्हणजे ज्यातील काही हायड्रोजन अणूंच्या जागी ड्यूटेरियम आहे असे कोलेस्टेरॉल, मिसळावयाचे. पुढील क्रियांत काही भाग वाया गेला तरी जड व साधे दोन्ही सारख्याच प्रमाणात वाया जातात. अखेरीस मास स्पेक्ट्रोमीटरने दोहोंचे गुणोत्तर तेवढे पाहावयाचे. म्हणजे किती हाती लागले हा प्रश्नच उरत नाही; कोणाच्या मानाने किती, एवढेच पुरते.

ह्या निर्णायक पद्धतीशी तुलना केली असता एबेल-केंडल पद्धत सुमारे दीड टक्का जास्त माप दाखवते असे आढळले, कारण लीबरमान-बुर्खार्ट विक्रियेत कोलेस्टेरॉलसारखी इतर स्टेरॉलेही थोडा रंग देतात. आता प्रश्न असा की, सामान्य प्रयोगशाळेने आपले माप कोणाशी जुळवावे? वस्तुस्थितीला अधिक जवळ असलेल्या निर्णायक पद्धतीशी, की ज्या पद्धतीच्या भाषेत रोगाचा धोका नोंदला गेला त्या संदर्भपद्धतीशी? अमेरिकी व्यवस्थेने दुसरा पर्याय निवडला. २०० ह्या संख्येवर हा फरक ३ चा आहे. तो व्यवहारात लहान वाटेल, पण तत्त्वतः लहान नाही. येथे 'बरोबर' ह्या शब्दाचा अर्थ 'सत्याशी जुळणारे' असा न राहता 'पूर्वीच्या नोंदींशी जुळणारे' असा झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही निवड समर्थनीय आहे. उपचाराची मर्यादा ज्या मापाने ठरवली त्याच मापाने रुग्णाला मोजणे न्याय्य होय. पण निवड समर्थनीय असली तरी ती निवड आहे, हे विसरता कामा नये. पाठ्यपुस्तकांत ती निसर्गसिद्ध वस्तुस्थिती असल्यासारखी सांगितली जाते, तेथे आक्षेप घ्यावा लागतो.

४

१९८८ हे ह्या इतिहासातील वळणाचे वर्ष होय. राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाने त्या वर्षी प्रौढांसाठी २०० व २४० ह्या दोन मर्यादा, १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम ह्या एककात, जाहीर केल्या. २०० च्या खाली इष्ट, २४० पासून पुढे उच्च, मधले ते काठावरचे. एका संख्येच्या अलीकडे-पलीकडे निराळा सल्ला मिळणार असेल, तर त्या संख्येवर भिस्त किती ठेवता येते हे आधी सांगावे लागते. ते सांगण्याचे काम प्रयोगशाळा-प्रमाणीकरण मंडळाच्या अहवालाने केले, आणि ते करताना शब्दांची शिस्त पाळली.

अहवालाने चुकीचे दोन प्रकार वेगळे केले. पहिला प्रकार झुकावाचा : प्रयोगशाळेची सर्व मापे एकाच दिशेने खऱ्या मापापासून सरकलेली असणे. दुसरा प्रकार विखुरण्याचा : एकच नमुना पुनःपुन्हा मोजला असता मापे एकमेकांशी न जुळणे. तराजूचे पारडे मुळातच जड असेल तर ती पहिली चूक. काटा दर वेळी हलत असेल तर ती दुसरी. दोहोंसाठी निरनिराळ्या मर्यादा घातल्या गेल्या. तत्काळ प्रत्येकी ५ टक्के, आणि १९९२ पर्यंत प्रत्येकी ३ टक्के. ह्यांवरून एकंदर चुकीची मर्यादा निघते ती अशी : झुकाव ३, अधिक विखुरण्याच्या ३ ला १.९६ ने गुणून आलेले ५.९, मिळून सुमारे ८.९ टक्के.

ह्या आकड्याचा अर्थ उघड करून पाहावा. ज्याचे खरे माप २०० आहे अशा माणसाला, सर्व नियम पाळणाऱ्या प्रयोगशाळेतून, १८२ ते २१८ ह्यांमधील कोणतीही संख्या मिळू शकते. म्हणजे तो 'इष्ट' किंवा 'काठावरचा' ह्यांपैकी काहीही ठरू शकतो, आणि तरीही प्रयोगशाळेची चूक झाली असे म्हणता येत नाही. अहवालाचे मोठेपण असे की त्याने ही गोष्ट लपवली नाही. उलट ती मोजून दाखवली. त्याची उणीव अशी की, ही मर्यादा प्रयोगशाळेच्या दारापर्यंतच पोहोचली. रुग्णाच्या हाती येणाऱ्या कागदावर २०० एवढेच छापले जात राहिले.

ह्यात शरीराची स्वतःची चंचलता अद्याप धरलेली नाही. एकाच व्यक्तीचे कोलेस्टेरॉल दिवसागणिक सुमारे ६ टक्क्यांच्या विचलनाने वरखाली होत असते. उभा किंवा चालत आलेला माणूस वीस मिनिटे आडवा राहिला तर रक्तातील द्रव वाढून माप सुमारे १० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. दंडावर बांधलेली पट्टी काही मिनिटे आवळून ठेवली तर ते चढते. सीरमऐवजी विशिष्ट रक्तगोठणरोधक घालून मिळवलेला प्लाझ्मा घेतला तर ते सुमारे ३ टक्के कमी येते. ह्यांपैकी एकही दोष रसायनाचा नाही, आणि कोणतेही नवे यंत्र ते दूर करू शकत नाही. बसून थोडा विसावा घेतल्यावर रक्त घ्यावे, पट्टी लवकर सोडावी, आणि एकाच मापावर निर्णय न घेता पुन्हा मोजावे, हे साधे नियम येथे उपयोगी पडतात.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी आठवड्याच्या अंतराने दोन प्रयोगशाळांत रक्त दिले. एकीने १९६ सांगितले, दुसरीने २११. घरात वाद माजला तो कोणता 'रिपोर्ट खोटा' ह्यावर. हिशेब मांडून पाहिला तर असे दिसते : विखुरण्याच्या ३ टक्क्यांचा वर्ग ९, शरीराच्या ६ टक्क्यांचा वर्ग ३६, बेरीज ४५, तिचे वर्गमूळ सुमारे ६.७. दोन मापांतील फरकासाठी त्याला २.७७ ने गुणावे लागते, म्हणजे सुमारे १८.६ टक्के, २०० वर सुमारे ३७. ३७ पर्यंतचा फरक काहीही न बदलता, केवळ स्वाभाविक चढउताराने पडू शकतो. दोन प्रयोगशाळांचा झुकाव ह्यात मिळवलेलाही नाही. दोन्ही कागद खरे होते. खोटी होती ती संख्येकडून ठेवलेली अपेक्षा.

५

आता १९७४ च्या निबंधाकडे वळू. अ‍ॅलेन व सहकाऱ्यांनी गंधकाम्लाला रजा दिली आणि तीन एंझाइमांची साखळी योजिली. पहिले एस्टर तोडते. दुसरे, म्हणजे कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज, कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. तिसरे त्या पेरॉक्साइडपासून तांबूस रंग निर्माण करते. दाहक आम्ले गेली, निष्कर्षण गेले, आणि स्वयंचलित यंत्रावर अल्पावधीत शेकडो नमुने तपासणे शक्य झाले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत बहुशः हीच रीत चालते. एंझाइम आपला पदार्थ ओळखतो, ह्या विश्वासामुळे तिला विशिष्टतेची प्रतिष्ठा आपोआप मिळाली.

तो विश्वास बव्हंशी सार्थ असला तरी संपूर्ण नाही. कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज इतर काही स्टेरॉलांवरही काम करते. अखेरच्या रंगाच्या पायरीत पित्तरंजक व क जीवनसत्त्व ढवळाढवळ करतात व माप खाली आणतात. ह्याहून बोधप्रद गोष्ट पुढे आढळली. प्रयोगशाळांची परीक्षा घेण्यासाठी गोठवून सुकवलेले सीरम पाठवण्याची प्रथा होती. काही एंझाइम-पद्धतींत ह्या प्रक्रिया केलेल्या सीरमचे वर्तन ताज्या सीरमहून निराळे होते. परिणामी जी पद्धत रुग्णाच्या रक्तावर बरोबर उतरते ती परीक्षेत चुकीची ठरे, किंवा ह्याच्या उलट होई. व्याकरणाच्या पुस्तकातील वाक्ये बिनचूक बोलणारा परदेशी बाजारात अडखळतो, तशातला हा प्रकार. उपाय म्हणून ताजे नमुने विभागून संदर्भ-प्रयोगशाळांशी थेट तुलना करण्याची व्यवस्था उभारण्यात आली.

येथे आणखी एका प्रथेचा उल्लेख करणे अवश्य आहे. बाह्य गुणवत्ता-तपासणीच्या अनेक योजनांत प्रयोगशाळेच्या मापाची तुलना तीच पद्धत वापरणाऱ्या इतर प्रयोगशाळांच्या सरासरीशी केली जाते. हे उपयुक्त आहे, पण ह्याने मतैक्य कळते, सत्य नव्हे. सर्वांचे अंशशोधक द्रव्य एकाच बाजूला झुकलेले असेल तर सर्वांना उत्तम गुण मिळतील. संदर्भपद्धतीने ठरवलेले माप तुलनेस घेतले तरच झुकाव उघडा पडतो.

एंझाइमांच्या यशातूनच पुढे एक फसवा शब्द रूढ झाला : 'प्रत्यक्ष' मापन. रक्तातील कोलेस्टेरॉल निरनिराळ्या लायपोप्रोटीन कणांतून वाहिले जाते. एचडीएल व एलडीएल ह्या कणांतील कोलेस्टेरॉल वेगळे मोजावयाचे तर पूर्वी ते कण आधी वेगळे करावे लागत. विशिष्ट द्रव्ये घालून नको असलेले कण झाकावयाचे व वेगळे न करताच हवे ते मोजावयाचे, अशा पद्धती निघाल्या. त्यांना 'प्रत्यक्ष' म्हणतात. ह्या विशेषणाचा खरा अर्थ 'विलगीकरणाची पायरी गाळलेली' एवढाच आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्यात 'साक्षात पाहिलेले' असा ध्वनी ऐकू येतो. २०१० मध्ये मिलर व सहकाऱ्यांनी अशा पद्धतींची अतिवेगी अपकेंद्री यंत्रावर आधारलेल्या संदर्भपद्धतींशी तुलना प्रसिद्ध केली. निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांत बऱ्याच पद्धती एकंदर चुकीच्या मर्यादेत बसल्या. रोगग्रस्तांच्या नमुन्यांत एकही बसली नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी मापन करावयाचे त्यांच्याच बाबतीत 'प्रत्यक्ष' हे विशेषण उणे पडले.

६

सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा निबंध १९७२ चा आहे, आणि तो सर्वांत अधिक वापरला गेलेलाही आहे. एलडीएल मोजण्यासाठी लागणारे अतिवेगी अपकेंद्री यंत्र महाग, आणि काम संथ. फ्रीडवाल्ड व सहकाऱ्यांनी ते टाळण्याचा मार्ग काढला : एकूण कोलेस्टेरॉलातून एचडीएल वजा करावे, आणि ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून येणारी संख्याही वजा करावी, उरते ते एलडीएल. ५ हा भाजक अतिलघु घनतेच्या कणांतील ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल ह्यांच्या सरासरी प्रमाणावरून आला. लेखकांनी आपल्या सूत्राच्या मर्यादाही सांगितल्या होत्या. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास ते वापरू नये, ही त्यांतील प्रसिद्ध मर्यादा.

ह्या निबंधाच्या शीर्षकात 'एस्टिमेशन' हा शब्द आहे. तोच शब्द १९५२ च्या शीर्षकातही आहे. परंतु १९५२ मध्ये त्याचा अर्थ, त्या काळच्या जीवरसायनाच्या रूढीप्रमाणे, 'परिमाण काढणे' असा होता. १९७२ मध्ये तो खरोखरच 'अनुमान करणे' असा आहे. १९७४ च्या शीर्षकात 'डिटर्मिनेशन', म्हणजे निर्धारण, असा शब्द येतो. पण तोही नवा नव्हे, १९३४ च्या शोनहायमर-स्पेरी निबंधातही तोच होता. तेव्हा शब्दांत काही क्रमशः प्रगती झाली असे म्हणता येणार नाही. घडले ते इतकेच की, मापन आणि अनुमान ह्या दोन निराळ्या क्रिया एका शब्दाखाली शेजारी बसल्या. मराठीतही अशी सरक अपरिचित नाही. 'अजमावणे' व 'अजमास' हे शब्द फारसीतून आले. मूळ अर्थ कसोटी घेणे, परीक्षा करणे. आज 'अजमास' म्हणजे ढोबळ अंदाज. कसोटीपासून अंदाजापर्यंतचा हा प्रवास मराठी माणसाच्या लक्षातही येत नाही. तो जेव्हा प्रयोगशाळेच्या कागदावर घडतो तेव्हाही येत नाही.

त्याचे फळ काय, हे एका उदाहरणाने पाहू. एकूण कोलेस्टेरॉल १५०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २५०. सूत्राप्रमाणे २५० ला ५ ने भागून ५०, एलडीएल ६०. भाजक ६ धरला तर एलडीएल सुमारे ६८. ७ धरला तर सुमारे ७४. हृद्रोगाचा फार मोठा धोका असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ७० ही संख्या उपचार वाढवावा की नाही ह्याची सीमा म्हणून वापरली जाते. म्हणजे रुग्ण सीमेच्या आत की बाहेर, हे त्याच्या रक्ताइतकेच भाजकावर अवलंबून राहिले. भाजक सर्वांना सारखा असतो काय? मार्टिन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तेरा लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून दाखवले की तो ट्रायग्लिसराइडच्या व एचडीएल-व्यतिरिक्त कोलेस्टेरॉलच्या पातळीप्रमाणे सुमारे ३ पासून सुमारे १२ पर्यंत बदलतो, आणि ५ हा ठरीव भाजक वापरल्याने विशेषतः एलडीएल कमी व ट्रायग्लिसराइड जास्त असता माप वाजवीपेक्षा खाली येते. त्यांनी १८० घरांचे कोष्टक दिले. २०२० मध्ये सॅम्पसन व सहकाऱ्यांनी ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत चालणारे निराळे समीकरण मांडले.

१९७२ च्या लेखकांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळी एलडीएल ७० च्या खाली नेण्याचा प्रश्नच उपस्थित नव्हता, आणि आपण अनुमान देत आहोत हे त्यांनी शीर्षकातच सांगितले होते. दोष पुढील व्यवहाराचा आहे. आपल्याकडील अहवालांतही एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, एलडीएल व व्हीएलडीएल एका रकान्यात, एकाच टंकात छापलेले असतात. त्यांतील पहिली दोन मोजलेली, शेवटची दोन पुष्कळदा गणिताने काढलेली. व्हीएलडीएलची ओळ तर बहुधा वरच्या ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून आलेली असते. ती नवी माहिती देत नाही. नाम आणि सर्वनाम एकाच रकान्यात लिहून त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानावे, तसे हे आहे.

७

अखेरीस मराठीचा प्रश्न. आपल्या शास्त्रीय लेखनात चांगल्या मापनाला सर्रास 'अचूक' म्हणतात. हा शब्द नकारार्थी आहे. प्राकृतातील 'चुक्क' ह्या धातूपासून आलेल्या 'चूक' ला 'अ' लागून तो झाला. ज्यात चूक नाही ते अचूक. पण वर पाहिलेल्या साऱ्या इतिहासाचे सार असे की, चूक नसलेले मापन नसते. चुकीचा आकार माहीत असलेले आणि नसलेले, असे दोनच प्रकार असतात. 'अचूक' ह्या शब्दाने आपण नेमका तो आकार सांगण्याच्या जबाबदारीतून मोकळे होतो. शिवाय झुकाव नसणे आणि विखुरणे नसणे ह्या दोन गुणांना हा एकच शब्द झाकून टाकतो.

सुदैवाने भाषेत साधने आहेत. झुकाव नसण्याच्या गुणाला 'यथार्थता' म्हणावे. विखुरणे नसण्याच्या गुणाला 'नेमकेपणा' म्हणावे. 'नेम' हा संस्कृत 'नियम' ह्याचा तद्भव आहे, आणि पुनःपुन्हा एकाच नियमाने येणे हाच येथील अभिप्रेत अर्थ आहे. मापन नेमके असूनही अयथार्थ असू शकते, हे वाक्य मराठीत मग सहज लिहिता येते. आज 'अचूक असूनही अचूक नाही' असे लिहिण्याची पाळी येते. 'अचूक' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. दोन्ही गुण ठरवलेल्या मर्यादेत असले म्हणजे, ती मर्यादा सोबत देऊन, तो वापरावा. तसेच 'मोजलेले' आणि 'काढलेले' ह्या दोन साध्या कृदन्तांचा भेद अहवालात अवश्य दाखवावा, आणि काढलेले असल्यास कोणत्या सूत्राने, हे लिहावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक शब्द लागतो.

आपल्या विभागांतील जे विद्यार्थी परिभाषेचे किंवा वैद्यकीय मजकुराच्या भाषांतराचे काम हाती घेतील त्यांना एवढेच सुचवावयाचे की, संख्येलाही व्युत्पत्ती असते. शब्दाचे मूळ सांगताना आपण तो कोणत्या भाषेतून, कोणत्या रूपांतून आला हे पायरीपायरीने दाखवतो आणि मधली पायरी हरवली असल्यास तसे कबूल करतो. कोलेस्टेरॉलच्या संख्येचीही अशीच वाट आहे : रुग्णाचे रक्त, नित्याची पद्धत, तिचे अंशशोधक द्रव्य, संदर्भपद्धत, निर्णायक पद्धत, आणि शेवटी तोलून घेतलेला शुद्ध पदार्थ. ही वाट अखंड आहे तोवर संख्येला अर्थ आहे. ती कोठे तुटली असेल, किंवा कोणी मधेच सूत्राचा पूल टाकला असेल, तर ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे. कारण औषध वाढवावयाचे की थांबावयाचे, हा निर्णय त्याच संख्येवर व्हावयाचा असतो.